ट्रकच्या दाराच्या उंबऱ्यावरचा रंग पुन्हा पुन्हा का जातो? आधी कारण शोधा, मग कोट लावा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. ट्रकचं दार उघडलं की खाली पत्र्याचा जो उंबरा दिसतो, त्यावर टाच टेकते तिथला रंग उडालेला असतो. टच-अपची बाटली आणून ब्रशने रंग भरला जातो. काही आठवडे बरं दिसतं, मग त्याच जागी, त्याच आकारात पत्रा परत उघडा पडतो. पुढच्या खेपेला स्प्रेचा डबा येतो. त्यानंतर रबरी कोट. आणि तो कोट एक दिवस गाडी धुताना पाण्याच्या जोराने पापुद्रा होऊन उचलला जातो. खाली गंज आधीपेक्षा वाढलेला असतो, कारण मधल्या काळात कोटाखाली पाणी मुरत होतं आणि ते कुणाला दिसत नव्हतं.

पिकअप असो की मोठा ट्रक, केबिन जितकी उंच तितका हा त्रास जास्त. उंच केबिनमध्ये चढताना पाय उंबऱ्यावर पडतोच, आणि उतरताना टाच त्याच्या कडेवरून घसरत खाली येते. बाजूला पायरी बसवलेली असेल तर झीज कमी होते, थांबत नाही.

दुकानात गेलं की सगळं बोलणं कोट किती टणक आहे यावर येतं. माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. उंबऱ्यावरचा कोट मधोमध झिजून संपल्याचं क्वचित दिसतं. तो जातो कडेने आणि तळाने: जिथे तो संपतो तिथून सुटतो, नाहीतर ज्या पृष्ठभागावर बसवला तिथली पकडच कच्ची असते. म्हणून कोणता डबा घ्यायचा हे ठरवण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. रंग नक्की कशाने जातोय, आणि नवा कोट कुठे संपणार आहे.

झीज कशाने होतेय ते आधी ओळखा

बुटाचं रबर रंगापेक्षा मऊ असतं, नुसत्या रबराने रंग एवढा जात नाही. रंग काढते ती तळव्याला चिकटून आलेली वाळू. वाळूतलं क्वार्ट्झ हे खनिज कठीणपणा मोजायच्या मोहसच्या मापावर 7 असतं, साधं पोलाद 4 ते 5 च्या आसपास, आणि रंग त्याहून कितीतरी मऊ. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर गंजरोधक ई-कोट, प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर असे सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडी असते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा थोडं जास्त. त्यातही दाराच्या चौकटीत आतल्या बाजूला क्लिअर बाहेरच्यापेक्षा पातळ असलेला सर्रास आढळतो.

टॉर्च आडवी धरून उंबऱ्यावर उजेड पाडा. टाचेच्या जागी ओरखडे सरळ नसतात, चंद्रकोरीसारखे वाकलेले आणि एकमेकांत गुंतलेले असतात. माणूस पाय टेकून सीटकडे वळतो, सगळं वजन टाचेवर येतं, टाच जागच्या जागी फिरते, आणि तिच्याखाली अडकलेला कण रंगात खोल ओढला जातो. असे ओरखडे दिसले तर ही बुटाची झीज. इथे जाडी लागते, पातळ थर कितीही टणक असला तरी पुरत नाही.

उंबऱ्याच्या लांबीभर एक सरळ, निस्तेज पट्टा दिसत असेल तर ते दाराच्या रबराचं काम आहे. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये धूळ बसते, गाडी चालताना दार बारीक हलत राहतं आणि रबर त्या धुळीने रंग घासत राहतं. इथे जाड कोट लावणं म्हणजे नवीन त्रास ओढवून घेणं आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. इथला उपाय म्हणजे रबर आणि त्याची बसण्याची जागा वरचेवर पुसणं, आणि फार तर एक पातळ पारदर्शक फिल्म.

ठरावीक जागी टोकदार टवके उडालेले असतील, विशेषतः सीटच्या बाहेरच्या बाजूला, तर सीट बेल्टचं बक्कल बघा. बेल्ट नीट गुंडाळला जात नाही, बक्कल दारात सापडतं आणि दार आपटलं की पत्र्यावर आदळतं. बेल्ट साफ करून तो पूर्ण आत ओढला जाईल असं करा. तसं न करता वर कुठलाही कोट लावला तरी त्याच जागी पुन्हा टवका पडेल.

रंगाला फोड आले असतील, बोटाने दाबल्यावर ते मऊ लागत असतील, तर झीज बाहेरून नाहीच. गंज खालून येतोय. उंबऱ्याची पोकळी आतून ओली राहते आहे. तिच्या तळाला पाणी बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात, ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं. अशा वेळी वर कोट लावण्याने रोग झाकला जातो एवढंच. त्याचा भाग शेवटी घेतला आहे.

पृष्ठभागाची पारख

काम सुरू करण्याआधी चार छोट्या तपासण्या करून घ्या. वेळ फार जात नाही, आणि आधीचा कोट का सुटला याचं उत्तर बहुतेक यातच मिळतं.

चुंबक लावून पाहा. चिकटलं तर पोलाद, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम. फोर्ड एफ-150 या पिकअपची बॉडी 2015 च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, पांढरी भुकटी येते आणि रंग तिच्यावरून सुटतो. त्यावर लोखंडी तारेचा ब्रश कधीच चालवू नका. लोखंडाचे बारीक कण त्यात रुतून बसतात आणि पुढे तिथूनच पत्रा खाल्ला जातो.

दुसरी तपासणी थिनरची. पांढऱ्या फडक्यावर लॅकर थिनर घेऊन कोपऱ्यात थोडा वेळ घासा. रंग फडक्यावर उतरला किंवा मऊ पडला तर तो एका घटकाचा, म्हणजे घट्ट करणारं द्रावण (हार्डनर) न मिसळता मारायचा साधा रंग आहे, कुणीतरी नंतर स्प्रेने मारलेला. त्यावर हार्डनरचा जड कोट मारला तर खालचा रंग उचलला जाऊन सुरकुत्या पडतात. तो पूर्ण काढूनच पुढे जावं लागतं.

तिसरी, पकडीची. कोपऱ्यात, जिथे दिसणार नाही अशा जागी, धारदार ब्लेडने बारीक चौकटी आखा, वर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीची मागची बाजू उजेडात पाहा. चौकटीचे तुकडे निघून आले असतील तर वर काहीही लावलं तरी ते जुन्या रंगासकट निघणार आहे. पट्टीवर पांढरी पूड आली असेल तर रंग वरून जळालेला आहे, तेवढा थर घासून काढला की भागतं.

चौथी, पाण्याची. साबणाने धुवून झाल्यावर उंबऱ्यावर स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. पाण्याचे थेंब होऊन ते इकडे तिकडे पळाले तर वर मेण, तेल किंवा सिलिकॉन आहे. केबिनमध्ये डॅशबोर्डला आणि दाराच्या पॅनलला चकाकी आणणारा जो स्प्रे मारतात, त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं आणि त्याचा शिडकावा उंबऱ्यावर पडतोच.

जे लावून उपयोग होत नाही

सिरॅमिक कोटिंगबद्दल फार विचारलं जातं. त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच्या घरात असते. पाणी घसरतं, धूळ सहज निघते, ते खरंच आहे. पण टाचेखाली फिरणाऱ्या वाळूच्या कणासमोर त्याचा टिकाव लागत नाही. मेणाचंही तेच.

गाडीच्या पोटाखाली मारतात तो रबरी किंवा डांबरी अंडरकोट उंबऱ्यावर मारू नका. तो मुद्दाम मऊ राहील असाच बनवलेला असतो. बुटाने ओरबाडला जातो, धूळ पकडून ठेवतो, पँटला काळा डाग लावतो, आणि पुढे दुसरा कोट लावायचा म्हटलं तर तो खरवडून काढण्यात अख्खा दिवस जातो. सोलून काढता येणारा रबरी स्प्रे चाकाच्या रिमवर किंवा लोगोवर ठीक. ज्याचा गुणच सुटून येणं आहे त्याने पायाखाली घट्ट बसून राहावं ही अपेक्षा चुकीची आहे.

साधा ऑइल पेंट, म्हणजे अल्कीड एनॅमल, जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर थेट मारला तर काही काळाने पापुद्र्यांनी निघतो. जस्ताची आणि रंगातल्या तेलाची रासायनिक क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि पकड सुटते. आजकालच्या बऱ्याच केबिनांचा पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, त्यामुळे पत्र्यापर्यंत घासलेल्या जागी ऑइल पेंट टाळाच.

ॲल्युमिनियमची नक्षीदार पट्टी स्क्रूने बसवण्याचा उपाय दिसायला मजबूत असतो. पण पट्टीच्या खाली वाळू शिरते आणि तिथेच अडकून रंग घासते, पाणी साचतं, शिवाय ॲल्युमिनियम आणि पोलाद ओल्या जागी एकमेकांना लागले की त्यातलं एक झपाट्याने खाल्लं जातं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उंबऱ्यात ड्रिल चालवणं. ट्रिमच्या, म्हणजे उंबऱ्यावरच्या झाकणपट्टीच्या, खालून वायरिंग जातं, काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर तिथेच जवळ असतो. काय कुठून गेलंय हे स्वतः उघडून पाहिल्याशिवाय तिथे भोक पाडू नये.

रंग अजून चांगला असेल तर फिल्म

गाडी नवी असेल किंवा उंबऱ्यावर नुसते बारीक ओरखडे असतील, तर मी बिनधास्त पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म लावायला सांगेन. ती 150 ते 200 मायक्रॉन जाड असते, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या थरांपेक्षा एकटी जाड, आणि लवचिक असल्याने वाळूचा कण तिच्यात रुततो पण रंगापर्यंत पोचत नाही. पुढे नको झाली तर गरम करून काढता येते. रॅपिंगची साधी व्हिनाइल फिल्म याच्या जवळपास निम्म्या जाडीची असते आणि पायाखाली लवकर फाटते. दोन्ही दिसायला सारख्या वाटतात, घेताना जाडी विचारून घ्या.

आधी कागदाचा साचा बनवा. कापताना प्रत्येक कोपरा गोल करा, चौकोनी कोपऱ्यात बुटाची कड अडकते आणि फिल्म तिथूनच उचलायला लागते. पुढची कड कुठे येतेय ते नीट ठरवा. टाच जिथे घसरते त्या वाकावर फिल्म संपली तर ती टिकणार नाही. वाकावरून खाली उतरवून, बूट लागत नाही तिथपर्यंत न्या.

उंबरा धुवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पाण्यात दोन-चार थेंब सौम्य शाम्पू टाकून ते पत्र्यावर आणि फिल्मच्या चिकट बाजूवर भरपूर फवारा, मग फिल्म सरकवत जागेवर आणा. रबरी पट्टीने मधून बाहेर पाणी काढत जा. कडा बसत नसतील तर तिथे पाणी आणि थोडं अल्कोहोल यांचं मिश्रण वापरा, पकड लगेच येते. वाकाच्या जागी हेअर ड्रायरने हलकं गरम करून दाबा. फिल्मखाली बारीक पाण्याचे फुगे राहिले तर घाबरू नका, काही दिवसांत सुकून जातात. हवेचा मोठा फुगा मात्र सुईने टोचून दाबावा लागतो.

रंग नुकताच गॅरेजमध्ये मारून घेतला असेल तर निदान महिनाभर थांबा. ताज्या रंगातून थिनर बाहेर पडत असतो, तो फिल्मखाली कोंडला की रंग मऊ राहतो आणि पुढे फिल्म काढताना रंगही सोबत येतो.

एक धोका आधीच ध्यानात घ्या. गुळगुळीत फिल्म ओल्या बुटाखाली निसरडी होते. उंबऱ्यावर पूर्ण वजन देऊनच चढावं लागत असेल, तर खडबडीत पृष्ठभागाची फिल्म घ्या किंवा पुढचा मार्ग धरा.

रंग गेलेलाच असेल तर बेडलायनर

पिकअपच्या हौद्यात मारतात तो जाड, दाणेदार पॉलियुरेथेन कोट उंबऱ्यावरही उत्तम चालतो. दोन हातांत अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जाडी मिळते, पायाला पकड मिळते, जुने खड्डे-ओरखडे झाकले जातात. पण एकदा बसला की काढणं फार कष्टाचं आहे, म्हणून चांगल्या रंगावर हौसेखातर मारू नये.

एका घटकाचे डबे हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतात. ते वापरायला सोपे आहेत, पण उघडलेला डबा फार दिवस टिकत नाही. दोन घटकांचे, हार्डनर मिसळायचे, जास्त टणक आणि टिकाऊ. राप्टरसारख्या उत्पादनात 3 भाग बेसला 1 भाग हार्डनर असं प्रमाण असतं. अंदाजाने ओतू नका, मापाच्या भांड्यातच घ्या. हार्डनर कमी पडला तर कोट कायम चिकट राहतो आणि जास्त झाला तर ठिसूळ होतो. डब्यावर उन्हात टिकणारा, म्हणजे ॲलिफॅटिक, असं लिहिलं असेल तर उत्तम. ॲरोमॅटिक प्रकार उन्हाने पिवळा पडतो आणि त्यावर पांढरट पूड येते.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले तर कायमचा दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर त्याला संवेदनशील झालं की नंतर अगदी थोड्या वासानेही त्रास होतो. म्हणून घरी हे काम ब्रशने किंवा छोट्या रोलरनेच करा. स्प्रे गनने त्याचं धुकं होतं, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो आणि तो घरी कुणाकडे नसतो. रोलरने करतानाही सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या काडतुसाचा मास्क, नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि मोकळी हवा हवीच. कापडी मास्क इथे कामाचा नाही.

आता तयारी. पूर्ण काम इथेच जिंकलं किंवा हरलं जातं, म्हणून जरा सविस्तर.

ट्रिम आणि मॅट काढा. दाराचं रबर चौकटीच्या कडेवर दाबून बसवलेलं असेल तर तेवढा भाग ओढून बाजूला करा. गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने धुवा, फटीतली माती जुन्या टूथब्रशने काढा. सुकल्यावर मेण आणि चिकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पुसा. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं. ओलं फिरवलं की द्रावण सुकायच्या आत कोरड्याने उचलून घ्या. एकच फडकं गोल गोल फिरवत राहिलात तर तेल तिथल्या तिथेच पसरतं. हे सगळं घासण्याच्या आधी. पॉलिश पेपर आधी फिरवला तर सिलिकॉन ओरखड्यांत खोल दाबलं जातं, मग ते कितीही पुसलं तरी निघत नाही.

त्यानंतर 240 ते 320 नंबरचा पेपर घ्या आणि सगळी चमक जाईपर्यंत घासा. वाकांमध्ये आणि कोपऱ्यांत पेपर पोचत नाही, तिथे लाल स्कॉच-ब्राइट घासणी वापरा. एकही चकाकता ठिपका राहता कामा नये, पुढे कोट तिथूनच सुटतो. उडालेल्या रंगाची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करा. उघड्या पत्र्यावर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर लावा. इपॉक्सी नुसता वर ठेवायचा नाही, तो उन्हात भुरकट होतो, पण पत्र्याला धरून ठेवण्यात त्याच्या तोडीचं फारसं काही नाही. त्यावर पुढचा थर किती वेळात मारायचा ते डब्यावर दिलेलं असतं. ती वेळ उलटून गेली तर पुन्हा खरखरीत करूनच पुढे जा.

मग मास्किंग. रबर जिथे दाबून बसतं तो पट्टा पूर्ण वगळा. रबर जागेवर ठेवून दार हलकेच बंद करा आणि उघडा, धुळीवर त्याची रेघ उमटलेली दिसेल. आधी थोडी टाल्कम पावडर पसरली तर रेघ आणखी स्पष्ट येते. खूण करून घ्या, पावडर पुसून टाका आणि टेप त्या रेघेच्या अलीकडे लावा. दाणेदार कोट रबराखाली गेला की पावसाचं पाणी आत येतं, वेगात शिट्टीसारखा आवाज येतो, दार घट्ट बसतं, आणि दाण्यांनी रबर कुरतडलं जातं. कोटाची आतली कड ट्रिमच्या खाली लपेल अशी आखा आणि बाहेरची कड वाकाच्या खाली उतरवा. पाणी जायची भोकं, टायरच्या हवेचा दाब लिहिलेलं स्टिकर आणि चॅसी नंबरची पट्टी झाकायला विसरू नका.

पत्रा हाताला गार लागत असेल किंवा त्यावर दव दिसत असेल तर त्या दिवशी काम करू नका. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव पडायला लागतं त्यापेक्षा, निदान 3 अंश सेल्सियस वर हवं. 15 ते 25 अंश सेल्सियस ही सोयीची मर्यादा. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर कोट वरून लगेच सुकतो आणि आत बुडबुडे अडकतात.

पहिला हात पातळ मारा, खालचा रंग थोडा दिसला तरी चालेल. त्याचं काम पकड धरणं. जाडी दुसऱ्या हातात येते. दोन हातांमधलं अंतर डब्यावर दिलेलं असतं, बऱ्याच उत्पादनांत ते तासाभराच्या आसपास आहे. टाचेच्या जागी हवा तर तिसरा हात फक्त तेवढ्यापुरता मारा. टेप मात्र शेवटचा हात अजून चिकट असतानाच काढा, तिरपा आणि हळू. पूर्ण सुकल्यावर ओढला तर कड फाटते आणि तिथे उचललेली जीभ राहते. तीच पुढे बुटात अडकते.

दार उघडंच ठेवावं लागेल, त्यामुळे केबिनचा दिवा बंद करा, नाहीतर बॅटरी उतरेल. हाताला सुका लागला म्हणजे कोट पिकला असं नाही. हलका पाय द्यायला निदान एक दिवस, पूर्ण पक्का व्हायला साधारण आठवडा. तोवर दाबाच्या पाण्याने धुणं, साबण, वजनदार बूट सगळं दूर ठेवा.

लावल्यानंतर येणारे त्रास

ओल्या कोटात गोल खळगे पडून आतून पत्रा दिसायला लागला तर सिलिकॉन राहिलेलं आहे. वर आणखी कोट ओतून ते भरत नाहीत. सुकू द्या, घासा, पुन्हा पुसून मग परत मारा.

कड उचलली तर चिकटवायच्या फंदात पडू नका. सुटलेला भाग ब्लेडने मागे कापत जा, जिथे ब्लेडला घट्ट विरोध जाणवेल तिथे थांबा. कड उतरती घासा, पत्रा दिसत असेल तर इपॉक्सी, मग नवा हात. नवा थर चांगल्या भागावर थोडा चढवा. कोट मोठ्या तुकड्यांनी निघत असेल आणि त्याची खालची बाजू गुळगुळीत, चमकदार दिसत असेल, तर घासणं अपुरं राहिलं होतं. खालच्या बाजूला जुना रंग चिकटून आला असेल तर दोष जुन्या रंगात आहे. दोन्ही वेळा सगळा काढून पुन्हा करावं लागतं, ठिगळ टिकत नाही. काढायला हीट गन आणि खरवडणी, पण जवळचं वायरिंग आणि प्लास्टिक सांभाळून.

दार बंद करताना रबर नव्या कोटाला चिकटत असेल तर रबरावर टाल्कम पावडर लावा. आठवड्यानंतरही कोट स्वतःच चिकट लागत असेल तर मिश्रणाचं प्रमाण चुकलं आहे, तो वाट पाहून सुधारत नाही.

दाण्यांत माती अडकून रंग पांढरट दिसतो ही बेडलायनरची नेहमीची गोष्ट. कडक नायलॉनचा ब्रश आणि साबण पुरे. चकाकी देणारा स्प्रे मारू नका, पाय घसरतो आणि पुढे दुरुस्तीचा हात धरत नाही. फिल्म असो की लायनर, मॅटखाली आणि उंबऱ्यावर साचलेली वाळू आधी ब्रशने झाडा, मगच ओलं फडकं फिरवा.

खालून गंज येत असेल तर

फोड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने फोडून बघा. खाली पत्रा टणक असेल तर 80 नंबरच्या पेपरने चकाकता पत्रा दिसेपर्यंत जा, मग 180 ने ओरखडे कमी करा. खोलगट ठिपक्यांत राहिलेल्या गंजाला फॉस्फरिक आम्लाचं द्रावण लावता येतं, ते गंजाचं फॉस्फेट बनवतं. पण ते पूर्ण धुवून, सुकवून, हलकं घासल्याशिवाय वर इपॉक्सी मारू नका. आम्ल शिल्लक राहिलं तर इपॉक्सी नीट घट्ट होत नाही. आधी गंज घालवा, मग अस्तर, मग कोट, आणि पोकळीत मारायचं गंजरोधक मेण सगळ्यात शेवटी. ते आधी मारलं तर सांध्यांतून झिरपून उंबऱ्यावर येतं आणि केलेल्या सगळ्या पुसापुशीवर पाणी फिरवतं.

तळातली भोकं प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा, तारेने आतला रंग खरवडला जातो. आत पाणी ओतलं की खालून धार पडली पाहिजे. दाराच्याही तळाला अशीच भोकं असतात, तीही बघा, कारण दारातलं पाणी थेट उंबऱ्यावर सांडत राहतं.

स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पत्र्यात घुसलं तर कोट, फिल्म, प्रायमर सगळं बाजूला ठेवा. उंबरा हा केबिनच्या सांगाड्याचा भाग आहे, बाजूने धडक बसली तर जोर तो घेतो. फायबर आणि लांबी (पुट्टी) भरून वर लायनर मारला तर दिसायला झकास होईल, पण आत ताकद उरलेली नसेल. तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्या, आणि वेल्डिंग झाल्यावर आतल्या बाजूला जिथे रंग जळाला असेल तिथे मेण पोचतंय ना, हे तिथेच उभं राहून बघा.